यादीत आहे ना मी, मॅडम?

सोमवारी सकाळी ऑफिसात पोचल्यावर, चहाचा पहिला घोट घेऊन तुम्ही सीआरएम उघडता, तेव्हा समोर कोण असतं? मी सांगते. शुक्रवारी संध्याकाळी घाईघाईत ज्यांची नावं बघून तुम्ही मशीन बंद केलंत, तीच मंडळी! मधल्या दोन दिवसांत तुम्ही लोणावळ्याला जाऊन आलात, भुशी डॅमच्या पायऱ्यांवर भिजलात, चिक्कीचे तीन पुडे आणलेत, येताना एक्स्प्रेस वेवर पुढच्या गाडीचा नंबर पाठ होईपर्यंत अडकलात. जग पुढे गेलं. तुमच्या स्क्रीनवर मात्र अजून शुक्रवारच चालू आहे.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय बिघडलं? आपली माणसं, आपले लीड्स, शुक्रवारी जिथे थांबलो तिथून सोमवारी सुरू. सोयीचंच की! मलाही असंच वाटायचं. मग एका जानेवारीत पवनानगरहून एक फोन आला आणि माझी सोय एका माणसाला केवढ्याला पडली ते कळलं.

गुलाबाचं टाइमटेबल

मी पॅकिंगचं सामान विकणाऱ्या कंपनीत आहे. आमचं गिऱ्हाईक म्हणजे पॉलिहाऊसवाले शेतकरी. कळीवर चढवायच्या जाळीच्या टोप्या, वीस फुलांची गड्डी गुंडाळायचा कागद आणि एक्स्पोर्टची खोकी, असा आमचा माल. ग्लॅमरस काही नाही. पण १४ फेब्रुवारीला लंडनमधल्या एखाद्या पोराने गर्लफ्रेंडच्या हातात दिलेला लाल गुलाब मावळातल्या पॉलिहाऊसमधून खोक्यात बसून गेलेला असू शकतो, हे पार्टीत सांगायला बरं असतं.

मावळातला हा धंदा मोठा आहे. तळेगावला एमआयडीसीचं फ्लोरिकल्चर पार्क आहे, आणि पवना धरणाच्या बाजूच्या गावांतही पॉलिहाऊसेस आहेत. डच गुलाबाच्या जातींची नावंही फिल्मी. टॉप सिक्रेट, पॅशन, गोल्ड स्ट्राइक, अव्हेलांज. पण धंदा सगळा तारखेचा. झाडाची छाटणी केली की साधारण दीड महिन्याने फूल तोडणीला येतं. व्हॅलेंटाइन डेचा माल जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून फेब्रुवारीच्या पहिल्या दहा दिवसांपर्यंत बाहेर जायला हवा. म्हणजे छाटणी डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात. थंडी जास्त पडली तर कळी रेंगाळते, ऊन चढलं तर लवकर उमलते. पण खोकी तेव्हा दारात हवीत म्हणजे हवीतच. फूल आपल्यासाठी थांबत नाही.

म्हणून आमच्याकडे डिसेंबरात एकच काम असतं. मावळातल्या प्रत्येक गुलाबवाल्याला फोन करायचा, छाटणी कधी झाली विचारायचं, खोकी किती लागतील ते लिहून घ्यायचं. जुने शेतकरी तर आमच्या फोनचीच वाट बघतात. फोनवर दोन वाक्यं होतात. ‘गेल्या वर्षीएवढीच?’ ‘हो, गेल्या वर्षीएवढीच.’ झाली ऑर्डर.

हे काम माझ्याकडे नवीन होतं. माझ्या आधीच्या माणसाने नोकरी सोडली आणि त्याची सगळी गिऱ्हाइकं सीआरएममध्ये माझ्या नावावर आली. मी काय केलं? रोज सकाळी अकाउंट्सचा टॅब उघडला, समोर जी यादी आली तिच्यातल्या लोकांना फोन लावले. ज्यांना फोन लावले ते त्यामुळेच दुसऱ्या दिवशी परत वर आले. त्यांना परत फोन लावले. महिन्याच्या शेवटी माझ्या नावावर शंभरावर फोन जमा होते. सर खूश, मी खूश.

२२ जानेवारीला फोन वाजला. ‘मॅडम, खोकी कधी येत्यात? परवापासून तोडणी हाय.’

पवनानगरजवळचे एक दादा. आमचे कित्येक वर्षांचे गिऱ्हाईक. मी त्यांचं नाव त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं.

आमच्याकडे खोकी छापून यायला आठवडा लागतो, आणि गोदामात होती ती सगळी आधीच कोणाकोणाच्या नावाने निघालेली. दादांनी शेजारच्या शेतकऱ्याकडून थोडी उसनी घेतली, तेवढा माल परदेशी गेला. बाकीचा गेला दादरच्या फूलबाजारात. एक्स्पोर्टला काढलेलं लांब दांड्याचं फूल लोकल मार्केटला गेलं की काय भाव मिळतो, हे शेतकऱ्याला विचारू नये. मी विचारलंही नाही. ते आवाज चढवून बोलले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, ‘दर वर्षी फोन येतो वो तुमचा. म्हटलं येईल.’

यादी होती, वाट नव्हती

त्या संध्याकाळी ऑफिसात बसून मी शोध घेतला. पहिला धक्का म्हणजे यादी तयार होती! माझ्या आधीच्या माणसाने दोन वर्षांपूर्वी बनवलेली, ‘मावळ गुलाब चालू फायनल २’ अशा टिपिकल नावाची. ती माझ्यापासून फक्त दोन क्लिकवर होती आणि अख्ख्या डिसेंबरात मी एकदाही तिथे गेले नव्हते. कारण तिथे जायला वाट आहे, हेच मला माहीत नव्हतं.

गंमत अशी आहे की बहुतेक सीआरएममध्ये ही वाट एकाच ठिकाणी लपलेली असते. आमच्याकडे सेल्सफोर्स आहे. १९९९ साली सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालेली ही कंपनी आज आपल्या आयटीवाल्या अर्ध्या मित्रमंडळींचं पोट भरते. त्यात अकाउंट्स, काँटॅक्ट्स, लीड्स अशा कुठल्याही टॅबवर क्लिक केलं की पहिल्यांदा जी यादी उघडते तिचं नाव ‘रिसेंटली व्ह्यूड’. म्हणजे तुम्ही अलीकडे उघडून बघितलेल्या नोंदी. आपल्याला ती ‘आपली गिऱ्हाइकं’ वाटतात. प्रत्यक्षात ती आपल्याच नजरेची डायरी असते. ज्याच्याकडे बघितलं तो दिसत राहतो, ज्याच्याकडे नाही बघितलं तो दिसतच नाही. मी दादांची नोंद कधी उघडली नव्हती, म्हणून ती तिथे आली नाही. आणि तिथे आली नाही, म्हणून मी ती कधी उघडली नाही. गोल गोल राणी!

बरं, या यादीला चाळणीही लावता येत नाही. ‘फक्त मावळ दाखव’ म्हणायची सोयच नाही. त्यासाठी दुसऱ्या यादीवर जावं लागतं. ती कशी, ते एकदा नीट बघून घेऊ. तुम्ही विकत काहीही असा, उपयोगी पडेल.

टॅबच समोर नसेल तर डाव्या कोपऱ्यातल्या नऊ ठिपक्यांवर क्लिक करा. ते अ‍ॅप लाँचर. तिथे हव्या त्या प्रकाराचं नाव टाइप केलं की तो उघडतो. मग यादीच्या वर तिचं जे नाव लिहिलेलं असतं ना, ते नुसतं मथळ्यासारखं दिसतं, पण त्याच्या शेजारी एक छोटा बाण आहे. तिथे दाबा. तुमच्या कंपनीत आजवर बनलेल्या आणि तुम्हाला दिसायची परवानगी असलेल्या सगळ्या याद्या खाली उलगडतात. ‘फायनल २’ मला इथेच सापडली.

हवी ती यादी उघडली की नावाशेजारच्या टाचणीच्या चित्रावर क्लिक करा. झालं! यापुढे त्या टॅबवर गेलात की ‘रिसेंटली व्ह्यूड’ऐवजी ही टाचलेली यादी उघडेल. एका प्रकाराला एकच टाचणी मिळते, त्यामुळे कुठली यादी टाचायची याचा एकदा विचार करा. माझ्या मते जी बघायचा आपल्याला कंटाळा येतो, तीच.

यादी मुळात नसेलच तर बनवायची. उजवीकडे दातेरी चाकाचं चित्र असतं, त्यात ‘न्यू’. नाव द्या आणि कोणाला दिसावी ते ठरवा. फक्त स्वतःला, सगळ्यांना की एखाद्या ग्रुपला, यातले किती पर्याय दिसतील हे तुमच्या अ‍ॅडमिनने दिलेल्या परवानगीवर असतं. मग चाळण्या लावा आणि रकाने निवडा. नाव देताना एक मेहरबानी करा. ‘टेस्ट’, ‘न्यू १’, ‘फायनल २’ असलं काही नको. ‘मावळ गुलाब, डिसेंबर फोन’ असं सरळ लिहा. तुमच्यानंतर त्या खुर्चीत जो बसेल तो तुम्हाला दुवा देईल.

दुसरं सीआरएम असलं तरी फंडा तोच. मायक्रोसॉफ्टच्या डायनॅमिक्समध्ये याला ‘व्ह्यू’ म्हणतात. अ‍ॅडमिनचे सिस्टीम व्ह्यू वेगळे, तुमचे पर्सनल व्ह्यू वेगळे, आणि आपल्या आवडीचा व्ह्यू डीफॉल्ट करून ठेवता येतो. आपल्या चेन्नईच्या झोहोत ‘कस्टम व्ह्यू’ बनवून त्याला फेव्हरिट करता येतं. हबस्पॉट तर यादीच्या दोन जाती करतं. ‘अ‍ॅक्टिव्ह’ म्हणजे जिवंत यादी, अट पूर्ण करणारा नवा माणूस तिच्यात आपोआप येतो आणि न करणारा बाहेर जातो. ‘स्टॅटिक’ म्हणजे लग्नाच्या निमंत्रितांची यादी, एकदा केली ती केली. फॉलोअपला जिवंत यादी लागते. एखाद्या प्रदर्शनात भेटलेल्या लोकांना एकदाच मेल पाठवायचा असेल तर स्टॅटिक चालते.

आणि एवढंही लक्षात राहत नसेल तर साधा उपाय. यादी उघडा, ब्राउझरमध्ये वर जो पत्ता दिसतो तो बुकमार्क करा. पत्त्यात यादीची ओळख असते. उद्यापासून एका क्लिकमध्ये थेट यादीवर.

मावळ किती प्रकारे लिहितात?

तर टाचणी मारली, मोठ्या अभिमानाने यादी उघडली आणि त्यात दादांचं नाव शोधलं. नव्हतं!

हा दुसरा धक्का. माझी चूक होतीच, पण मी डिसेंबरात अगदी शहाण्यासारखी ही यादी उघडली असती, तरी दादा सुटलेच असते. यादीची अट होती, तालुका बरोबर मावळ. दादांच्या नोंदीतही मावळच होतं. फक्त कोणी तरी इंग्रजीत ‘व्ही’ऐवजी ‘डब्ल्यू’ घालून लिहिलं होतं. कॉम्प्युटरला उच्चार कळत नाही. त्याच्या दृष्टीने हे दोन वेगळे तालुके.

मग मी पूर्ण डेटा उघडला आणि डोक्याला हात लावला. लोणावळ्याच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये कोणी ‘व्ही’नंतर ‘ए’ घातला होता, कोणी नाही. पवनानगरला निम्मी जनता काले कॉलनी म्हणते, त्यामुळे त्याच गावाची दोन गावं झाली होती. वडगाव म्हटलं तर तालुक्याचं ठिकाण असलेलं वडगाव मावळ, पण यादीत पुण्यातलं वडगाव शेरी आणि वडगाव बुद्रुकही येऊन बसलेलं. खंडाळा म्हणजे आमिर खानचा घाटातला की साताऱ्यातला तालुका? आणि सगळ्यांचा बाप तळेगाव! ‘तळेगाव’ असलेलं सगळं दाखव म्हटलं, तर मावळातल्या तळेगाव दाभाड्यांबरोबर शिरूर तालुक्यातले तळेगाव ढमढेरेही हात जोडून उभे. एक पुण्याच्या वायव्येला, एक ईशान्येला. आमच्या एका नवीन मुलाने दोन्ही ठिकाणच्या मीटिंगा एकाच दुपारी ठेवल्या होत्या, त्याचं कारण त्या दिवशी मला कळलं.

पिनकोडने चाळावं म्हटलं तर तिथेही फसगत. लोणावळा ४१०४०१, कामशेत ४१०४०५, तळेगाव दाभाडे ४१०५०६, इथवर सगळे एका कुटुंबातले वाटतात. आणि मधलंच वडगाव मावळ? ४१२१०६. रेल्वेने बघाल तर तळेगावच्या पुढचंच स्टेशन, पिनकोडने बघाल तर परगावचं.

यावर तात्पुरता उपाय आहे. सेल्सफोर्सच्या चाळणीत किमतीच्या जागी स्वल्पविराम देऊन दोन्ही स्पेलिंगं लिहिली की तो ‘हे किंवा ते’ असं समजतो. आम्ही आधी तेच केलं. पण खरा उपाय म्हणजे तालुका हा हाताने लिहायचा रकानाच ठेवायचा नाही. ठरलेल्या नावांतून निवडायला लावायचं. अ‍ॅडमिनच्या मागे लागून आम्ही तालुका तसा करून घेतला, आणि शेजारी आणखी एक रकाना घातला, खोऱ्याचा. मावळातले लोक पत्ता सांगताना तसंच सांगतात ना! पवन मावळ, नाणे मावळ, आंदर मावळ. ज्या भाषेत गिऱ्हाईक बोलतं त्या भाषेत यादी असली की फोन करणाऱ्यालाही नकाशा कळतो. शिवाय एका दिवसात एका खोऱ्यातल्या भेटी होतात, पेट्रोल वाचतं, सर परत खूश.

तारखेच्या चाळणीचाही एक चकवा सांगून ठेवते. ‘शेवटचा फोन ४५ दिवसांपेक्षा जुना’ अशी अट लावलीत, तर ज्याला कधीच फोन झालेला नाही तो त्यातून निसटू शकतो. कारण त्याची तारीखच रिकामी! ज्याची सगळ्यात जास्त आबाळ, तोच अदृश्य. म्हणून रिकाम्या तारखांची एक वेगळी यादी करा. आणि यादीच्या डोक्यावर ‘५०+’ असा आकडा दिसला तर गिऱ्हाइकं पन्नासच आहेत असं समजून फोन ठेवू नका. पहिल्या फटक्यात पन्नासच नोंदी येतात, खाली सरकाल तशा पुढच्या येतात.

कामशेतचे एक आजोबा

फेब्रुवारी संपल्यावर मी दादांना भेटायला गेले. शिवाजीनगरहून लोणावळा लोकल पकडली. तळेगाव, वडगाव, कान्हे, मग कामशेत. तिथे उतरून पुढे पवनानगरचा रस्ता. लोकलमध्ये खिडकीशी बसल्यावर कामशेतच्याच एका माणसाची आठवण झाली. गोविंद सखाराम सरदेसाई, म्हणजे रियासतकार. बडोद्याला सयाजीराव गायकवाडांच्या पदरी नोकरी केली आणि निवृत्तीनंतर या कामशेतला येऊन राहिले. १९५९ साली गेले ते इथेच.

शाळेत आपण ‘मराठी रियासत’ हे नाव पाठ करतो आणि विसरतो. पण त्यांचं एक काम आपल्या, म्हणजे यादीवाल्यांच्या, धंद्यातलं आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरात हजारो रुमाल पडलेले. रुमाल म्हणजे खिशातला नव्हे, कागदांचे कापडात बांधलेले गठ्ठे. आतली पत्रं, हिशेब, बातम्या मोडीत. माहिती सगळी होती, पण कोणाला काही हवं असेल तर नेमका कुठला रुमाल सोडायचा? सरदेसाईंनी सहकाऱ्यांना घेऊन हे गठ्ठे चाळले, निवडक कागद विषयवार लावले आणि १९३० ते १९३४ या वर्षांत त्यांचे ४५ खंड निघाले. एक खंड उदगीरच्या लढाईचा, एक पानिपतचा, असे. आपल्या भाषेत सांगायचं तर ४५ कस्टम याद्या. ज्याला पानिपत हवं त्याने आता हजारो रुमाल सोडायला नकोत, थेट तो खंड उघडायचा. चार-पाच वर्षांत, मोडीतून, हाताने! आणि आपण तीन चाळण्या लावताना सुस्कारे सोडतो.

पण लोकल कामशेतला शिरताना मला त्यातली दुसरी बाजूही जाणवली. त्या ४५ खंडांबाहेर जे उरलं ते उरलंच. निवडीत न आलेले रुमाल काही नाहीसे झाले नाहीत, पण खंड हाताशी आल्यावर त्यांच्याकडे वळायला मुद्दाम उठावं लागतं. प्रत्येक यादी असंच करते. ती काही दाखवते आणि त्याच हिसक्यात बाकीचं झाकते. चांगली यादी जास्तच झाकते, कारण तिच्यावर आपला विश्वास बसतो. ‘फायनल २’वर माझ्या आधीच्या माणसाचा बसला होता तसा.

म्हणून मी आता एक उलटी यादी ठेवते. जे माझ्या नावावर आहेत, पण माझ्या कुठल्याच चालू यादीत बसत नाहीत, ते सगळे. तालुका रिकामा, पीक रिकामं, तारीख रिकामी. महिन्यातून एकदा, पहिल्या सोमवारी, ती उघडायची. पंधरा मिनिटं लागतात. दर वेळी दोन-तीन जिवंत माणसं सापडतात.

भिंतीवरची टाचणी

दादांच्या पॅकिंग शेडमध्ये मी माफी मागायला गेले होते. त्यांनी आधी चहा दिला. चहा पिता पिता समोरच्या भिंतीकडे लक्ष गेलं. पांढऱ्या चुन्यावर कोळशाने रकाने आखलेले. पॉलिहाऊसचा नंबर, जात, छाटणीची तारीख, तोडणी कधी. शेवटच्या रकान्याला मथळा होता, ‘राहिलं काय’. तिथे एका ओळीत लिहिलं होतं, ‘खोकी’. तारीख २२ जानेवारी.

मी विचारलं, ‘दादा, वहीत का नाही लिहीत?’

‘वही उघडावी लागती, मॅडम. भिंत रोज सकाळी आपसूक दिसती. दार उघडलं की समोर.’

एवढ्या महागाचं सॉफ्टवेअर आमच्याकडे, आणि टाचणी यांच्याकडे!

बाकी मग तुम्हीच समजून घ्या. आज ऑफिसात जाल तेव्हा त्या छोट्या बाणावर एकदा क्लिक करून बघा. कुठल्या याद्या आहेत, कोणी बनवल्या, त्यात कोण आहे आणि कोण नाही. जी खरंच लागते ती टाचा. नुसती बनवून ठेवलेली यादी म्हणजे कपाटात ठेवलेली छत्री. लोणावळ्याच्या पावसात तिचा काय उपयोग?

पुढच्या डिसेंबरात मी पहिला फोन दादांनाच लावला. छाटणी ९ तारखेला झाली होती. खोकी गेल्या वर्षीएवढी नकोत, थोडी जास्तच, म्हणाले. एक पॉलिहाऊस वाढवलं होतं. मी सगळं लिहून घेतलं आणि फोन ठेवणार, तेवढ्यात पलीकडून हसू आलं.

‘औंदा यादीत आहे ना मी, मॅडम?’

‘सगळ्यात वर, दादा.’

खोकी १८ जानेवारीला पोचली. भिंतीवरचा तो रकाना त्यांनी पुसला की नाही, ते पुढच्या भेटीत बघेन.